कडी सरोवरात थांबली

सासू आणि जावई एका घरात गुण्यागोविंदाने राहिले तर लोक कौतुक करतात. एका कचेरीत, एका खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर बसायला लागले, की लोक काही ना काही काम काढून तिथे डोकवायला लागतात. एका संशोधन संस्थेतही तसंच झालं.

पूर्वी तिथे दोन विभाग होते. शांतताशास्त्राच्या प्रमुख सासूबाई. माणसं, गावं आणि देश का भांडतात आणि कशाने थांबतात, यात त्यांची उभी हयात गेली होती. प्रदेशशास्त्राचे प्रमुख त्यांचे जावई. बाजार, बंदर, कारखाना नेमका कुठे बांधला तर सगळ्यांना सोयीचा पडेल, हे ते हिशेबाने काढून देत. मग प्रदेशशास्त्राच्या खोलीचं छत गळायला लागलं, आणि संचालकांनी छत दुरुस्त करण्याऐवजी दोन्ही विभाग एक करून टाकले. दारावर नवी पाटी लागली: ‘जागतिक प्रश्नांसाठी संयुक्त विभाग’. आत दोन टेबलं, एक कपाट आणि काही केल्या न लागणारी खिडकी.

जावईबापू (संस्थेत त्यांना सगळे हेच म्हणत, आधी पाठीमागे आणि नंतर तोंडावरही) म्हणजे पट्टीने आखलेला माणूस. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिवा हिरवा होईपर्यंत उभे राहणारे. त्यांची बायको दातांची डॉक्टर होती. ती म्हणायची, “दुखतंय का विचारल्यावर खरं उत्तर देणारा माझा हा एकच पेशंट.”

सासूबाईंचं तसं नव्हतं. त्या खोटं बोलत नसत, पण खरं कुठून सांगायला घ्यायचं आणि कुठे आवरायचं, हे त्यांना चांगलं कळे.

अशात सरोवराचं प्रकरण आलं.

सरोवर मोठं होतं आणि दोन देशांच्या मधोमध होतं. पूर्वेच्या काठाला एक देश, पश्चिमेच्या काठाला दुसरा, आणि दोन्ही काठांवर मासेमारांची गावं. एक जागतिक संस्था तिथे मोठा मासळीबाजार बांधून द्यायला तयार होती. बर्फाची सोय, लिलावाचा ओटा, सगळं. अट एकच, की बाजार एकच होईल आणि तो कुठे व्हावा हे दोघांनी मिळून ठरवायचं. तिथेच घोडं अडलं होतं. अकरा वर्षं झाली, पूर्वेचे म्हणत आमच्या काठावर, पश्चिमेचे म्हणत आमच्या. तेवढ्या काळात एकमेकांच्या होड्या धरून झाल्या, जाळी कापून झाली, आणि मासे मात्र रोज दोन्ही काठांवर सारखेच नासत होते.

शेवटी जागतिक संस्थेने हे लोढणं संयुक्त विभागाच्या गळ्यात अडकवलं.

जावईबापूंना आनंद झाला. त्यांच्याकडे यासाठी एक फळी होती, आणि त्या फळीवर त्यांचा जीव होता. एका मोठ्या टेबलाएवढ्या फळीवर सरोवराचा नकाशा चिकटवलेला. काठावरच्या प्रत्येक गावाच्या जागी एक भोक. प्रत्येक भोकातून एक दोरी खाली सोडलेली आणि तिच्या टोकाला वजन. ज्या गावाची मासळी जास्त, त्याचं वजन जास्त. सगळ्या दोऱ्यांची वरची टोकं एकाच पितळी कडीला बांधलेली. कडी मोकळी सोडली की सगळी गावं तिला आपापल्याकडे ओढत, आणि त्या ओढाताणीत ती जिथे थांबे ती बाजाराची योग्य जागा. ना भाषण, ना मतदान. खालची लटकती वजनं बरी दिसत नाहीत म्हणून फळीला चहूबाजूंनी जमिनीपर्यंत हिरव्या कापडाची झालर लावलेली होती.

दोन्ही देशांच्या माणसांबरोबर ठरलेल्या बैठकीच्या आदल्या दिवशी त्यांनी कडी सोडून पाहिली. ती हेलकावे खात पश्चिमेच्या काठावर गेली आणि एका लहानशा गावाशी थांबली.

सासूबाई चष्मा कपाळावर चढवून बघत होत्या. “म्हणजे पूर्वेचे उद्या उठून जाणार.”

“का जातील? हे गणित आहे.”

“म्हणून तर जातील. माणसावर रागावता आलं तर माणूस थांबतो. गणितावर किती वेळ रागावणार?”

“मग मी काय करू, मॅडम?”

“कडीला जरा इकडे सरकवता येईल का?”

जावईबापूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी सरोवरच इकडे सरकवायला सांगितलं होतं. “आई,” ते म्हणाले, आणि कचेरीत ते ‘आई’ म्हणाले म्हणजे प्रकरण गंभीर होतं, “हे शास्त्र आहे. यात हात घालायचा नसतो.”

“बरं बाबा. तुम्ही नका घालू,” सासूबाई म्हणाल्या आणि आपल्या टेबलाकडे वळल्या. त्या इतक्या पटकन माघार घेत नसत, हे जावईबापूंच्या तेव्हा ध्यानात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मंडळी आली. पूर्वेकडून एक निवृत्त कप्तान आले. मिशा भरघोस, आवाज खोलीपेक्षा मोठा, कोटाचे खिसे जड. पश्चिमेकडून बर्फाच्या कारखान्याच्या मालकीणबाई आल्या. अंगाने बारीक, बोलणं त्यांच्या मालाइतकंच गार. जागतिक संस्थेचा एक निरीक्षक दोघांच्या मध्ये बसला, आणि मध्ये बसल्याचा त्याला पश्चात्ताप होतोय हे दिसत होतं.

जावईबापूंनी फळी समजावून सांगितली. कडी अजून मधल्या एका खिळ्याला अडकवून ठेवली होती. वजनं नीट मोजलेली आहेत, दोरीला गाठ नाही, फळी पाणसळीत, कुठे तिरकी नाही, सगळं सांगितलं. आता ते खिळा काढणार, एवढ्यात सासूबाई उठल्या.

“एक मिनिट, सर. दोन्ही बाजूंनी उपकरण तपासून घेतलेलं बरं. आधी कप्तानसाहेब, मग बाई. प्रत्येकाने एकट्याने. आम्ही तोवर बाहेर थांबतो.”

“एकट्याने कशाला?” जावईबापूंनी विचारलं.

“विश्वास बसायला जरा एकांत लागतो,” सासूबाई म्हणाल्या.

कप्तान आत राहिले, बाकीचे बाहेर. काही वेळाने ते मिशा कुरवाळत बाहेर आले. “उत्तम उपकरण आहे.” मग बर्फवाल्या बाई आत गेल्या. पदर सावरत बाहेर आल्या. “आक्षेप नाही.” मग सासूबाई म्हणाल्या, “यजमान म्हणून एकदा मीही बघून येते,” आणि आत जाऊन चांगल्या ऐसपैस वेळाने परतल्या. जावईबापू बाहेर बाकावर बसून निरीक्षकाला घर्षणाविषयी सांगत होते. निरीक्षक बिस्किट खात होता.

सगळे पुन्हा फळीभोवती जमले. जावईबापूंनी खिळा काढला.

कडी आधी पूर्वेला झेपावली. कप्तानांनी छाती पुढे काढली. मग ती मागे फिरली, तशी कप्तानांची छाती होती तिथे गेली आणि बर्फवाल्या बाईंची मान वर झाली. कडी थरथरली, डुलली, थोडी उत्तरेला सरकली आणि थांबली. थांबली ती सरोवराच्या मधोमध. निळ्या रंगात. जिथून कुठलाच काठ जवळ नव्हता तिथे.

जावईबापू कडीकडे बघत राहिले. काल पश्चिमेच्या गावात गेलेली कडी आज पाण्यात कशी? त्यांनी फळीला बोटाने टिचकी मारली. कडी हलून पुन्हा तिथेच आली. त्या गडबडीत त्यांच्या खिशातलं पेन गळून झालरीखाली गेलं. ते वाकले आणि त्यांनी हिरवं कापड वर केलं.

पूर्वेच्या सगळ्यात मोठ्या गावाच्या दोरीला, त्यांच्या पितळी वजनाखाली, शिशाच्या गोळ्यांचा घोसच्या घोस लटकत होता; जाळं बुडावं म्हणून मासेमार लावतात तसा. पश्चिमेच्या दोरीला एक दणकट लोखंडी कुलूप होतं, बर्फाच्या गोदामाला असतं तसं. आणि त्याच कुलपाच्या कडीत अडकवून, सुतळीने नीट बांधून, सासूबाईंच्या टेबलावरचं कागदांना भोकं पाडायचं पंचिंग मशीन लोंबत होतं. त्यावर त्यांच्या नावाची चिकटपट्टीही होती.

जावईबापूंनी पेन उचललं. वर आले तेव्हा सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती. कप्तानांच्या मिशा स्थिर होत्या. बर्फवाल्या बाईंच्या कपाळावर घाम होता, आणि त्यांना घाम येतो हे पाहून निरीक्षकही चकित झाला होता. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

“काही अडचण?” निरीक्षकाने विचारलं.

जावईबापूंनी तोंड उघडलं.

“पेन सापडलं ना, सर?” सासूबाईंनी वळून विचारलं.

हा प्रश्न मात्र सरळ होता. “सापडलं,” जावईबापू म्हणाले.

खोलीने श्वास सोडला.

“शास्त्रापुढे कुणाचं काय चालतं,” कप्तान घाईघाईने म्हणाले.

“निसर्गाचाच कौल आहे,” बर्फवाल्या बाईंनी दुजोरा दिला. अकरा वर्षांत या दोन बाजूंचं एकमत होण्याची ही पहिली वेळ, असं निरीक्षकाने लगेच टिपून घेतलं.

“पण तिथे पाणी आहे,” जावईबापू म्हणाले. त्यांना राहवेना.

“मासे पाण्यातच असतात,” बाई म्हणाल्या. “अडचण जागेची नाही. तरंगता बाजार करायचा तर खाली काहीतरी मोठं हवं.”

कप्तानांनी खोकून घसा साफ केला. “माझी जुनी फेरीबोट धक्क्याला पडून आहे. सपाट बुडाची. गंज आहे थोडा, पण एका वेळी दोनशे माणसं नेलीत तिने.”

“मागच्या वादळात ती बुडाली म्हणे.”

“बुडाली नाही. टेकली. तुमच्या लोकांनी बुडाल्याची आवई उठवली.”

“बरं, टेकली. तिच्यावर बर्फाच्या पेट्या किती मावतील?”

कप्तानांनी खुर्ची ओढली. बाईंनी कागद ओढला. निरीक्षक मधून उठून हळूच बाजूला सरकला, आणि त्याची रिकामी खुर्ची कुणाच्या ध्यानातही आली नाही.

दुपारच्या जेवणाला सगळे खाली निघाले. जावईबापू फळीपाशी जाणार, तर सासूबाईंनी त्यांचा दंड धरला. “आपण जिन्यात थांबू.” जिन्यातून दिसलं, कप्तान “टोपी राहिली” म्हणत परत आले. टोपी त्यांच्या डोक्यावर होती. ते गेले तेव्हा त्यांचे खिसे पुन्हा जड झाले होते. पाठोपाठ बर्फवाल्या बाई चष्मा शोधायला आल्या आणि पिशवीतून काहीतरी खणकत घेऊन गेल्या.

“आणि तुमचं?” जावईबापूंनी विचारलं.

“माझं मी नंतर घेईन. मला कुठे बोट गाठायचीय.”

संध्याकाळी घरी जावईबापू जेवले नाहीत. बायकोने विचारलं, त्यांनी सगळं सांगितलं. तिने आईला फोन लावला आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला.

“आई, तुम्ही फसवलंत,” ते म्हणाले.

“मी त्यांना एकांत दिला. त्याचं काय करायचं ते त्यांचं त्यांनी ठरवलं.”

“आणि पंचिंग मशीन?”

“ते मात्र माझं. काय झालं, चोरी दोघांनी केली, पण सारखी नाही. कप्तानाने हात जरा सैल सोडला होता. मी खिळा काढून पाहिलं तर कडी थेट त्याच्या दारात. म्हणून पश्चिमेला थोडी भर घातली. चोरीतही समतोल हवा.”

“मी उद्या पत्र लिहून खरं कळवणार आहे.”

“कळवा. मी आड येणार नाही. फक्त एक सांगा, तुमची ती खरी जागा, पश्चिमेच्या गावातली. तिथे जायला पूर्वेच्या होडीला काय काय लागेल?”

“जकात. तपासणी. परवाना.”

“आणि तोवर मासे?”

जावईबापूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तुमच्या हिशेबात अंतर आहे, वजन आहे, भाडं आहे,” सासूबाई म्हणाल्या. “भांडणाचा खर्च कुठे धरलाय?”

“भांडणाचा खर्च मोजता येत नाही.”

“मी आयुष्यभर तेच मोजतेय, जावईबापू. जेवून घ्या, नाहीतर माझी मुलगी माझ्यावर चिडेल.”

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. जावईबापूंनी पत्राचा मायना लिहिला आणि मग, पत्रात आकडे अचूक असावेत म्हणून, हिशेब पुन्हा मांडला. तपासणीत होड्या किती वेळ खोळंबतात, धरलेल्या होड्या किती महिने धक्क्याला पडून राहतात, कापलेली जाळी, नासलेले मासे. सासूबाईंच्या जुन्या अहवालांत हे सगळं होतं, जावईबापूंनीच ते कधी वाचले नव्हते. ते आकडे आत घातल्यावर पश्चिमेची जागा महाग पडली. पूर्वेची त्याहून महाग. सरोवराची मधली जागा, जिथे जकात लावायला पाय टेकायलाही जमीन नव्हती, ती सगळ्यात स्वस्त पडली, आणि तीही बऱ्याच फरकाने.

त्यांनी हिशेब तीनदा केला. चूक सापडावी म्हणून त्यांनी इतके कष्ट आजवर कधी घेतले नव्हते. सापडली नाही. चुकीच्या वजनांनी बरोबर जागा दाखवली होती, आणि याचा त्यांना जितका राग आला तितका तर चोरीचाही आला नव्हता. मायना लिहिलेला कागद त्यांनी फाडला नाही, पण पुढे लिहिलाही नाही. बायकोने त्यावर वाण्याकडून आणायच्या वस्तू लिहिल्या.

सोमवारी ते सासूबाईंच्या टेबलापुढे उभे राहिले. “तुमचं बरोबर निघालं.”

“मला कुठे ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं होतं, दोघं निदान एकाच जागेवर एकत्र नाराज होतील. तिथून सुरुवात करता येते.”

बाजार सुरू झाला. निरीक्षकाच्या अहवालाने जागतिक संस्था हरखून गेली. एका नदीवर तीन देश भांडत होते, एका घाटरस्त्यावर दोन, एका बंदरावर तर पाच. सगळीकडे ही फळी हवी, आणि सोबत ती कशी वापरायची याचं पुस्तक. जावईबापूंनी पुस्तक लिहायला घेतलं. नकाशा, भोकं, दोऱ्या, पाणसळ, सगळं एका बैठकीत लिहून झालं. ‘पक्षकारांकडून तपासणी’ या भागापाशी मात्र त्यांची लेखणी दोन दिवस अडली. खोटं लिहायचं नव्हतं, आणि खरं लिहिलं तर फळी पुन्हा कुणी वापरली नसती. शेवटी त्यांनी लिहिलं: ‘प्रत्येक पक्षाला उपकरणासोबत काही काळ एकटं सोडावं. त्यानंतर यजमानानेही उपकरण पाहून घ्यावं. या भागात घाई करू नये.’ यात खोटा असा एकही शब्द नव्हता. सासूबाईंनी वाचलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि बराच वेळ जावयाकडे बघत राहिल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशी त्यांना तो आपल्या घरातला वाटला.

मग बाजार पाहायचं आमंत्रण आलं. फेरीबोटीला नवा रंग लागला होता. अर्धा कप्तानांच्या आवडीचा, अर्धा बाईंच्या, आणि मध्ये जिथे दोन्ही मिसळले होते तिथला रंग कुणालाच आवडला नव्हता. होड्या दोन्ही बाजूंनी येऊन लागत होत्या. कप्तान भोंग्यावरून लिलाव पुकारत होते. बर्फवाल्या बाई पेट्या मोजून घेत होत्या आणि भोंग्याचा आवाज कमी करा म्हणून दर थोड्या वेळाने निरोप पाठवत होत्या. भांडण संपलं नव्हतं. फक्त ते आता होड्या धरण्याऐवजी आवाजावर आलं होतं.

कप्तानांनी जावईबापूंना कठड्यापाशी नेलं. “सर, मनात सल आहे एक. त्या दिवशी मी फळीला थोडं शिसं अडकवलं होतं.”

“बरं.”

“नसतं अडकवलं तर कडी सरळ त्यांच्याकडे गेली असती, असं मला सारखं वाटतं. बाईंना सांगू नका. बिचाऱ्या सरळ आहेत.”

जावईबापूंनी शब्द दिला. पाच मिनिटांनी बर्फाच्या पेट्यांमागे बाईंनी त्यांना गाठलं. कुलपाची गोष्ट त्यांनी एका दमात सांगितली. “कप्तान तोंडाळ आहे, पण मनाने स्वच्छ आहे हो. त्याला कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.” जावईबापूंनी त्यांनाही शब्द दिला. “आणि खरं सांगा, सर,” बाईंनी विचारलं, “माझ्या कुलपामुळे काही फरक पडला होता का?”

जावईबापूंना क्षणभर सगळं आठवलं: कुलूप, शिसं, सुतळी, चिकटपट्टी. मग ते म्हणाले, “अजिबात नाही, बाई. कडी तिथेच थांबली असती.”

आयुष्यातलं त्यांचं हे पहिलं जाणूनबुजून खोटं. त्यांना वाटलं होतं, जीभ अडखळेल. अडखळली नाही. बाईंच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं पाहून उलट जरा बरंच वाटलं.

निघताना कप्तानांनी त्यांना आपल्याकडची एक टोपली मासे आग्रहाने दिली. बाईंनी ते पाहिलं. त्यांनी दोन टोपल्या पाठवल्या. मग कप्तानांची तिसरी आली, तेव्हा सासूबाईंनी होडीवाल्याला हळूच सांगितलं, “आता सोड बाबा, नाहीतर इथेच पुन्हा पेटेल.”

होडी काठाकडे निघाली. सासूबाईंना होडी लागत होती; त्या डोळे मिटून जावयाच्या खांद्याला टेकून बसल्या होत्या. जावईबापूंच्या पायांशी टोपल्या, मांडीवर टोपली, आणि घरी बर्फाची पेटी जेमतेम वीतभर.

“आई,” ते म्हणाले, “एवढे मासे कुणाकुणाला वाटायचे?”

“संस्थेत,” सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. “संचालकांना एक टोपली जास्त द्या. छताचा विषय काढायचाय.”